पल्ला विचारा, मग काडतुसाला नावं ठेवा

ओहायो राज्यात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम उघडतो. त्याआधी महिनाभर बंदुकीच्या दुकानांत आणि नेमबाजीच्या मैदानांवर एक आरोप ठरल्यासारखा ऐकू येतो. पिस्तुलाच्या काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेऊन हरणाला जाणारा माणूस नुसता हौशी. त्याला वेस्टर्न सिनेमातलं हत्यार मिरवायचं असतं, आणि त्याच्या हौसेची किंमत झाडीत तडफडून मरणारं हरीण मोजतं. .३५७ आणि .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं, रिकाम्या डब्यांवर नेम धरायला ठीक; सत्तर-ऐंशी किलोच्या जनावराला ‘खरी’ रायफल लागते.

हा आरोप क्रूरतेचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. तो खरा असेल तर माझ्याकडची .४४ मॅग्नमची मार्लिन मी उद्याच विकायला हवी. ओहायोच्या आग्नेय भागातल्या टेकड्यांत मी तीच रायफल घेऊन जातो, आणि आरोप करणाऱ्यांत ज्यांच्या अनुभवाला मी मान देतो अशी माणसंही आहेत. त्यांचं म्हणणं तपासून पाहिल्यावर ते मला चुकीचं वाटतं. इतकंच नाही, त्यातून होणारं नुकसान हरणांनाच भोगावं लागतं, असंही मला वाटतं.

मराठी वाचकाला आधी दुसराच प्रश्न पडेल: मुळात शिकार करायचीच कशाला? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, ते योग्यच आहे. आपल्या जंगलांत आज चितळावर बंदूक उचलायला कसलंही कारण पुरणार नाही. ओहायोची गोष्ट निराळी आहे. १९०४च्या सुमारास या राज्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण उरलंच नव्हतं. बाहेरून आणून सोडलेल्या आणि शेजारच्या राज्यांतून आलेल्या हरणांपासून कळप पुन्हा उभे राहिले. १९४३ साली फक्त तीन काउंट्यांत हंगाम उघडला. १९५६ साली सगळ्या ८८ काउंट्यांत उघडला, तेव्हा ३,९११ हरणं मारली गेली. आता वर्षाला दोन लाखांच्या वर मारली जातात, तरी कळप घटत नाहीत, कारण त्यांना आवरणारे लांडगे आणि प्यूमा इथून कधीच नाहीसे झाले. परवान्याचे पैसे आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफली-काडतुसांवर बसणारा अकरा टक्के कर यांतून वन्यजीवांच्या जपणुकीचा मोठा खर्च निघतो. शिकार कायदेशीर आहे आणि गरजेची आहे, हे धरून मी पुढे बोलतो. प्रश्न एवढाच की हरीण मारायचंच तर ते लवकर आणि नेटकं मरेल असं हत्यार कोणतं.

पहिल्यांदा नळीचं पाहू, कारण आरोपाची सगळी इमारत तिच्याकडे दुर्लक्ष करून उभी आहे. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,२३५ फूट वेगानं निघते आणि तिची ऊर्जा ५३५ फूट-पाउंड भरते. त्याच वजनाची गोळी रायफलीतून झाडली की कारखान्याच्या तक्त्यात वेग १,८३० फूट आणि ऊर्जा १,१७५ फूट-पाउंड दिसते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी रिव्हॉल्व्हरमधून १,१८० फूट वेगानं आणि ७४१ फूट-पाउंड घेऊन निघते. रायफलीतून १,७६० फूट वेगानं आणि १,६५० फूट-पाउंड घेऊन. दोन्हीकडे ऊर्जा दुपटीच्या पुढे जाते. मॅग्नम काडतुसांत हळू जळणारी दारू बरीच भरलेली असते. आखूड नळीत तिचा दाब वापरून होण्याआधीच गोळी तोंडाबाहेर पडलेली असते, शिवाय रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चकतीत आणि नळीत जी फट असते तिथून वायू निसटतो. रायफलीत ती फट नसते, आणि त्या वायूला गोळी ढकलायला सोळा ते वीस इंच मिळतात.

प्रत्येक पिस्तुली काडतुसाचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. नऊ मिलिमीटर किंवा .४५ ऑटो यांची कवचं लहान, त्यांतली दारू झटकन जळणारी. लांब नळी त्यांना फारसं काही देत नाही. नऊ मिलिमीटरची कार्बाइन घेऊन कुणी हरणाला निघाला तर त्याला अडवायला मीही उभा राहीन. ओहायोच्या नियमांतही गोळीचा व्यास .३५७ पासून पुढे लागतो, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो. पण आक्षेप घेणारे ही सगळी काडतुसं एकाच टोपलीत टाकतात आणि नऊ मिलिमीटरचं अपुरेपण .४४ मॅग्नमच्या माथी मारतात.

रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि ‘खरी’ रायफल ही विभागणी इतिहासालाही धरून नाही. विंचेस्टरनं १८७३ साली आपल्या प्रसिद्ध लिव्हर रायफलीबरोबर .४४-४० हे काडतूस काढलं, ते रायफलीसाठीच. कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर त्यानंतर काही वर्षांनी बाजारात आणलं, म्हणजे खोगिरावरच्या माणसाला कमरेच्या आणि खांद्याच्या हत्याराला एकच काडतूस पुरावं. १८९२ साली जॉन मोझेस ब्राउनिंगनं अशाच काडतुसांसाठी आटोपशीर, मजबूत रायफल घडवली. आज ब्राझीलमध्ये बनणारी रॉसी तिचीच नक्कल. काळ्या दारूच्या त्या काडतुसातून २०० ग्रेनची गोळी साधारण १,२०० ते १,३०० फूट वेगानं निघे, तीही नळीच्या तोंडाशी. आजच्या .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर पोचते तेव्हाही तिच्यात १,३८० फुटांचा वेग शिल्लक असतो.

मात्र या इतिहासाचा आधार घेऊन आमच्याच बाजूचे लोक जो युक्तिवाद करतात, तो मला मान्य नाही. ‘पणजोबांनी .४४-४० नं हजारो हरणं मारली, मग आम्हाला का पुरू नये?’ असं ते विचारतात. पणजोबांच्या पिढीनं हरणं संपवली. मांसबाजारासाठी वर्षभर, रात्री दिवे लावून, कुत्री सोडून मारली. त्यांतली किती जखमी होऊन निसटली याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण तशी नोंद ठेवावी असं त्या बाजारात कुणालाच वाटत नव्हतं. त्या काळातून हत्यारांची माहिती घ्यावी, शिकारीची नीती घेऊ नये. आजच्या हत्याराची पात्रता आजच्या कसोटीवरच ठरली पाहिजे.

आता येतो तो हजार फूट-पाउंडांचा दंडक. हरणाला लागताना गोळीत किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा असलीच पाहिजे, असं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की नवखा माणूस तो निसर्गनियमच समजतो. .३५७ची गोळी शंभर यार्डांवर ७१५ फूट-पाउंडांवर येते, म्हणून ती नापास. .४४ तिथे १,०१५ वर असते, म्हणून काठावर पास; आणखी पाच-सात यार्ड मागे सरलं की तीही नापास. कोलोरॅडोनं हा आकडा कायद्यातच घातला आहे: शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड. कोलोरॅडोपुरता तो समजण्यासारखा आहे. तिथे सेजच्या उघड्या माळांवर आणि दऱ्यांच्या पलीकडे म्यूल जातीची हरणं दोन-तीनशे यार्डांवर दिसतात, आणि तोच नियम एल्क आणि मूस यांनाही लागू आहे. असा आकडा ओक-हिकरीच्या दाट रानात आणून चाळीस यार्डांवरच्या हरणाला लावायचा, आणि न जुळल्यास समोरच्या शिकाऱ्याला क्रूर म्हणायचं, याला काय आधार आहे?

हा दंडक खरा मानायचा तर धनुष्यबाणाची शिकार आजच बंद करायला हवी. ओहायोत धनुष्याच्या ताणाची किमान मर्यादा ४० पौंड आहे. अशा धनुष्याच्या बाणात चाळीसएक फूट-पाउंड ऊर्जाही मुश्किलीनं असते. चांगल्या आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण साठ ते ऐंशीपर्यंत जातो. तरी या राज्यात दरवर्षी मारल्या जाणाऱ्या हरणांत धनुर्धारी आणि क्रॉसबोवाले यांचा वाटा फार मोठा आहे. नेटका बाण फुप्फुसांतून आरपार गेलेलं हरीण मिनिटाच्या आत कोसळतं, हे हजाराचा दंडक सांगणाऱ्यांनीही डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते म्हणतील, बाण कापतो आणि गोळी चिरडते, दोन्हींची तुलना होत नाही. अगदी बरोबर. माझंही हेच म्हणणं आहे. जनावर मरतं ते भोकानं: भोक कुठे पडलं, किती रुंद पडलं, किती खोल गेलं. ऊर्जा हा त्या भोकामागचा एक घटक. तो एकटा मोजून काहीच सांगता येत नाही.

हरीण मरतं कसं, हे नीट पाहिलं तर या वादातला अर्धा गोंधळ संपतो. गोळीच्या धक्क्यानं हरीण ‘उडतं’, ‘खाली पाडलं जातं’ हा गैरसमज आहे. साडेपंधरा ग्रॅमच्या शिशानं सत्तर किलोचा देह ढकलला जाऊ शकत नाही, आणि .३०-०६च्या त्याहून हलक्या गोळीनंही नाही. जागीच कोसळतं ते मेंदू किंवा पाठीचा कणा यांना मार लागला तर. एरवी गोळी पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, दोन्ही फुप्फुसांतून जाते आणि रक्तदाब कोसळून मेंदूला रक्त पुरेनासं होतं. तोवर हरीण पळतं, कधी तीस यार्ड, कधी शंभर. कितीही भारी काडतूस असलं तरी पळतं. गोळी लागल्याबरोबर ते मागचे पाय झाडतं, शेपटी खाली दाबतं आणि अंग जमिनीलगत नेऊन सुटतं.

गोळी लागली त्या जागी जाऊन वाकून पाहिलं की पाचोळ्यावर आधी केस सापडतात, मग रक्त. फुप्फुसाचं रक्त उजळ, गुलाबीसर, त्यात बारीक बुडबुडे असतात, कारण त्यात हवा मिसळलेली असते. काळपट, दाट रक्त असेल तर गोळी यकृतात गेली. हिरवट पाणी आणि चघळलेल्या चाऱ्याचा वास आला तर पोटात गेली. मग कित्येक तास थांबून, सावकाश माग काढावा लागतो, आणि हरणाचे ते तास वेदनेचे असतात. .४४ची गोळी न फुलताही जवळपास ११ मिलिमीटर व्यासाची असते, फुलली की त्याच्या दीडपट होते. साठ-सत्तर यार्डांवर आडव्या उभ्या हरणाच्या बरगड्यांतून ती बहुतेकदा आरपार जाते. दोन भोकं पडली की रक्त दोन्ही बाजूंनी सांडतं, आणि ओल्या पाचोळ्यावरचा तो माग शोधायला फार श्रम पडत नाहीत. भारी, संथ गोळीचा आणखी एक गुण खाटकाच्या ओट्यावर दिसतो. वेगवान रायफलीच्या गोळीनं खांद्याचं मांस रक्ताळून काळंनिळं होतं आणि टाकून द्यावं लागतं. इथे भोकाच्या कडेलगतचं थोडं मांस सोडलं तर बाकीचं खाता येतं.

आक्षेप घेणाऱ्यांचा अनुभव तरीही खोटा नाही. .३५७नं मारलेलं हरीण न सापडल्याच्या, खांद्यावरच गोळी फुटून वरवरची जखम झाल्याच्या गोष्टी ते सांगतात, आणि त्या घडलेल्या असतात. त्यातला दोष मात्र बहुतेक वेळा गोळीच्या निवडीचा असतो. दुकानात .३५७चा सर्वांत सहज मिळणारा डबा १२५ ग्रेनच्या पोकळ टोकाच्या गोळ्यांचा असतो. ती गोळी स्वसंरक्षणासाठी, रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी घडवलेली असते. रायफलीतून ती त्याहून कितीतरी जास्त वेगानं निघते, खांद्याच्या हाडावर आदळते आणि जागीच तुकडे होते. आत काहीच पोचत नाही. हरणासाठी .३५७ न्यायची तर १५८ ते १८० ग्रेनची, मऊ टोकाची, जाड आवरणाची किंवा कडक शिशाची गोळी हवी. .४४ मध्ये २४० ग्रेनची मऊ टोकाची गोळी जवळजवळ प्रत्येक रायफलीला मानवते. ‘जितकी जड तितकी चांगली’ म्हणून ३०० ग्रेनच्या मागे लागणाऱ्यानं आपल्या नळीच्या आट्यांची माहिती काढावी. जुन्या मार्लिन १८९४ मध्ये ३८ इंचांत एक आटा असतो. तो इतक्या लांब गोळीला पुरेसं फिरवत नाही आणि गोळी भरकटते. रूगरनं २०२० साली मार्लिन विकत घेतल्यानंतर निघालेल्या .४४च्या नव्या रायफलींत २० इंचांत एक आटा आहे, त्यांना जड गोळी चालते. आणखी एक: लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझीनमध्ये एकामागे एक राहतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेलं. म्हणून गोळी चपट्या नाकाची हवी, किंवा हॉर्नडीच्या लिव्हररेव्होल्यूशनसारखी लवचिक टोकाची. कडक, टोकदार गोळी तिथे घालणं म्हणजे स्वतःच्या हाताशी स्फोट मांडून ठेवणं.

ही माहिती नवख्याला कुणी देत नाही. त्याला ‘हे काडतूस हरणाचं नाही’ एवढंच ऐकवलं जातं. तो ते मनावर घेत नाही, कारण कायद्यानं परवानगी आहे हे त्यानं वाचलेलं असतं, आणि तो दुकानातला पहिला डबा उचलतो. टीकाकारांनी एक वाक्य कमी बोलून गोळीचं वजन सांगितलं असतं तर ते हरीण वाचलं नसतं, पण पटकन मेलं असतं.

झाडीचा मुद्दा दोन ओळींत संपवतो. जड, संथ गोळी फांद्या तोडत सरळ जाते, हे आमच्या बाजूचं आवडतं विधान खोटं आहे. बोटाएवढी डहाळी कोणत्याही गोळीला वळवते. मध्ये झुडूप असेल तर बार काढायचा नाही, हत्यार कोणतंही असो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला असतो: ‘लिव्हरच हवी ना, मग .३०-३० घे. हरणाची खरी लिव्हर ती.’ विंचेस्टर १८९४ आणि तिचं .३०-३० यांबद्दल मला नितांत आदर आहे. १५० ग्रेनची गोळी २,३९० फूट वेगानं निघते, १,९०० फूट-पाउंड घेऊन. दीडशे यार्डांपर्यंत ती .४४हून निःसंशय सरस. पेन्सिल्व्हेनियात किंवा विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्यानं जरूर घ्यावी. पण ओहायोत ती घेऊन हरणाला गेलात तर तो गुन्हा आहे. इथे २०१४ पर्यंत बंदुकीच्या हंगामात शॉटगनचे स्लग, ठासणीची बंदूक आणि मोठं पिस्तूल एवढंच चालत होतं. त्या वर्षी सरळ कवचाच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, .३५७ पासून .५० पर्यंत. .३०-३०चं कवच तोंडाशी आवळलेलं, बाटलीसारखं. ते यात बसत नाही. इंडियानानं पिस्तुली काडतुसांच्या रायफली २००७ मध्येच उघडल्या होत्या, मिशिगनच्या दक्षिण भागात २०१४ मध्ये, आयोवात २०१७ मध्ये. हे सगळे मुख्यतः सपाट शेतीचे प्रदेश. लांब पल्ल्याची गोळी मैलोगणती जाऊ नये, हा या निर्बंधांमागचा मूळ हेतू. म्हणजे या पट्ट्यातल्या माणसासमोर .४४ की .३०-०६ असा प्रश्नच नसतो. त्याच्यासमोर असतात स्लगची शॉटगन, ठासणीची बंदूक, .४५० बुशमास्टर, २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड, २०२३ मध्ये लिव्हर रायफलीसाठीच काढलेलं .३६० बकहॅमर, आणि आपली .४४ किंवा .३५७. यांत .३६० बकहॅमर दीडशे यार्डांवर .४४च्या पुढे आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. ज्याचं मचाण सोयाबीनच्या कापलेल्या शेतावर आहे त्यानं तेच घ्यावं. टेकडीच्या घळीत बसणाऱ्याला त्याची गरज नाही.

इथे पल्ल्याबद्दल आमच्याच बाजूला ऐकवायला हवं, कारण क्रूरतेच्या आरोपाला खरं बळ देणारे तेच आहेत. ‘माझी .४४ दोनशे यार्डांवरही मारते’ म्हणणारी माणसं मला भेटतात. पोलादी पत्र्यावर मारत असेल. २४० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर जुळवली तर दीडशेवर ती साधारण अर्धा फूट खाली जाते आणि दोनशेवर दीड फूट. हरणाच्या छातीतली मारायची जागा जेमतेम आठ इंचांची. दोनशे यार्डांचा अंदाज वीस यार्डांनी चुकला की गोळी पायात किंवा पोटात. शिवाय तिथे वेग १,१०० फुटांवर आलेला असतो आणि पुष्कळ मऊ टोकाच्या गोळ्या त्या वेगात फुलतच नाहीत. .४४ शंभर-सव्वाशे यार्डांची रायफल आहे, .३५७ पंचाहत्तर ते शंभरची, आणि उघड्या माशीनं नेम धरणाऱ्याचे डोळे पन्नाशीतले असतील तर त्याहूनही कमी. .३५७ हातात असताना हरीण समोरून तिरकं उभं असेल, गोळीला आधी खांद्याचं हाड फोडून मग छातीत जायचं असेल, तर थांबायचं. हरीण वळलं तर बार, नाही वळलं तर नाही.

टीकाकार म्हणतात, इतक्या अटी लागणारं हत्यार मुळातच अपुरं. मग भारी काडतूस अटी लावत नाही का? त्याच्या अटी दिसत नाहीत एवढंच. .३००च्या मॅग्नम रायफलीचा धक्का वर्षातून एकदा बंदूक काढणाऱ्या माणसाला सोसत नाही. बारा बोअरच्या स्लगचा तर भल्याभल्यांना नाही. तो चाप ओढण्याआधी डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि गोळी आठ-दहा इंच सरकते. ही सवय एकदा लागली की वर्षानुवर्षं जात नाही. पोटात गोळी लागलेल्या हरणांमागे काडतुसाच्या दुबळेपणापेक्षा हा धक्का कितीतरी जास्त वेळा असतो, असं मी मैदानावर लोकांचे बार बघून ठामपणे म्हणतो. .३५७ची लिव्हर रायफल बारा-तेरा वर्षांच्या मुलीला न घाबरता झाडता येते. ती दुपारभरात पन्नास बार काढू शकते, खांदा न दुखता, आणि पन्नासावा बारही पहिल्याइतकाच शांतपणे काढते. ओहायोत हरणांच्या हंगामात बंदुकीत एकूण तीनच काडतुसं भरता येतात. पण पहिल्यानंतर गाल दस्त्यावरून न उचलता लिव्हर खाली-वर होते आणि दुसरा बार तयार असतो. पहिली गोळी जराशी चुकलेल्या हरणाला त्या दुसऱ्या बारानं लगेच सोडवता येतं.

माझी विनंती क्लबांतल्या ज्येष्ठांना आहे, कारण नवखा माणूस आधी त्यांच्याकडेच येतो. नवी कोरी .४४ किंवा .३५७ घेऊन तो आला की तिला नावं ठेवू नका. डबा उघडायला लावा आणि गोळीचं वजन व नाक बघा. चुकीची असेल तर तो डबा डब्यांवर नेम धरायला ठेवून दुसरा आणायला सांगा. मग आठ इंचांची कागदी थाळी पन्नास यार्डांवर लावा, टेबलाचा आधार काढून घ्या, आणि त्याला बसून व उभ्यानं झाडू द्या. सगळ्या गोळ्या थाळीत पडल्या तर थाळी पंचाहत्तरवर न्या, मग शंभरवर. ज्या अंतरावर पहिली गोळी थाळीबाहेर जाईल त्याच्या अलीकडचा आकडा त्याच्या परवान्याच्या मागे पेनानं लिहून द्या.